थेंबाचा पिक की तिकोनी? ज्याच्या बोटांत पिक फिरतो त्याच्यासाठी

पिक म्हणजे गिटारच्या तारा छेडायचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा. नवा पिक घ्यायचा म्हटलं की सगळे आधी जाडी विचारतात. ०.६० मिलिमीटर घेऊ की ०.७३? मला विचाराल तर जाडीचं नंतर बघू. गाणं संपेपर्यंत पिक आहे त्या जागी राहतो का, हे आधी बघा. माझा राहायचा नाही.

दोन वर्षांपूर्वीची कोजागिरी. आमच्या सोसायटीची गच्ची, गंगापूर रोडच्या बाजूने बऱ्यापैकी गार वारा, एका कोपऱ्यात मसाला दूध उकळतंय. मुखडा छान झाला. पहिल्या अंतऱ्यात काहीतरी बोथट वाजतंय असं वाटलं, आणि दुसऱ्या अंतऱ्यात खाली पाहिलं तर पिकचं टोक माझ्या मनगटाकडे वळलेलं आणि तारांवर घासत होता त्याचा गोल खांदा. गाता गाता तो सरळ करायला गेलो आणि पिक थेट गिटारच्या पोटात गेला. पुढचं गाणं अंगठ्याने वाजवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं बायको म्हणते.

फिरायचं कारण साधं आहे. दुमडलेल्या तर्जनीच्या कडेवर पिक ठेवून वरून अंगठा टेकवला की पकड जेमतेम नखाएवढ्या जागेत असते. प्रत्येक स्ट्रोकला तार टोकाला ढकलते आणि पिक त्या जागेभोवती काट्यासारखा फिरतो. खालच्या स्वरांच्या तारांवर धातूची गुंडाळी असते, तिथे टोक जास्त अडकतं, म्हणून जोरात स्ट्रमिंग करताना, म्हणजे सगळ्या तारांवरून एका झटक्यात पिक ओढताना, त्रास वाढतो. यावर आपण सगळे एकच चुकीचा उपाय करतो, पिक आणखी घट्ट दाबतो. त्याने मनगट ताठरतं, स्ट्रमिंग कुऱ्हाड चालवल्यासारखं होतं आणि वीस मिनिटांत अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. सतार वाजवणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. नखी बोटात चढवली की विषय संपला.

आता दोन उमेदवार. दोन्ही ०.७३ च्या आसपासचे धरू, म्हणजे जाडीचा वाद नको.

थेंबाच्या आकाराचा नेहमीचा पिक तुमच्याकडे असणारच. त्यातही चकचकीत सेल्युलॉइडचा (हे एक जुनं प्लॅस्टिक) मी सरळ बाद करतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात, बोटांना जरा घाम असला की तो साबणाच्या वडीसारखा सुळकतो. उठावदार अक्षरं किंवा खरखरीत पट्टा असलेला नायलॉनचा खूपच बरा. नायलॉन त्याच जाडीच्या सेल्युलॉइडपेक्षा मऊ लवतो, त्यामुळे तारेचा धक्का काही प्रमाणात पिकच खातो आणि बोटांवर कमी येतो. यावर मी जवळपास वर्ष काढलं आणि तक्रार निम्मी झाली. पण निम्मीच. दर दोन ओळींनी अंगठ्याने त्याला हळूच जागेवर आणायची सवय लागली आणि ती सवयच मला छळायला लागली. लक्ष गाण्यावर हवं, ते बोटांवर.

तिकोनी पिक मात्र मी हसत हसत घेतला होता. बाजू साधारण ३० मिलिमीटर, तिन्ही कोपरे सारखे, पहिल्यांदा हातात घेतला तर समोशाचा तुकडा धरल्यासारखं वाटलं. कॉलेज रोडवरच्या आमच्या क्लासचे सर म्हणाले, ‘हा बेस गिटारवाले वापरतात हो.’ वापरतातही. पण बोटांखाली जागा भरपूर असल्याने मधलं बोटही आपसूक तर्जनीशेजारी येऊन टेकलं. एकाऐवजी दोन बोटांचा टेकू मिळाला की पिकला फिरायला आस उरत नाही. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण आधी एका गाण्यात पाच-सहा वेळा पिक सरळ करायचो, आता एखाद्या वेळी करतो. आणि पार फिरलाच तरी दुसरा कोपरा हजर असतोच. टोक झिजून तिरकं झालं तरी तेच, अजून दोन शिल्लक.

निफाडच्या मामाला फोनवर हे सगळं कौतुकाने सांगत होतो. द्राक्षवाला माणूस. तो म्हणाला, ‘पीक हातचं जातं म्हणतोस? मग आमच्यात ये.’

तिकोन्यात खोड नाही असं नाही. एकेक तार छेडायची असेल, सोलो शिकायचा असेल तर तो अवजड वाटतो. टोक तारेपासून नक्की किती लांब आहे याचा अंदाज बोटांना लवकर येत नाही. त्या कामाला थेंबाचा बरा, किंवा छोटा जाड १.३८ मिलिमीटरचा, ज्याने माझं स्ट्रमिंग मात्र तारांत अडखळतं. लहान मुलांच्या हाताला तिकोनी मोठा पडेल. शिवाय तीन बोटांची पकड सगळ्यांच्या मनगटाला मानवेलच असं नाही. पकडीला तसा एकच नियम नाही. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन अंगठा आणि मधल्या बोटात पिक धरायचा, तर्जनी टॅपिंगला, म्हणजे बोटाने तार गिटारच्या मानेवर ठोकून वाजवायला, मोकळी राहावी म्हणून. तुमचा हात तुम्हाला ठाऊक.

कोणताही घ्या, पकड तपासायला मी एक करतो. हातात धरलेला पिक दुसऱ्या हाताने टोकाकडून ओढून पाहतो. अलगद निसटला तर पकड सैल. खेचून काढावा लागला तर मी चिडून वाजवतोय. थोडी कुरकुर करत निघाला की बरोबर. टोक बोटांबाहेर तीन-चार मिलिमीटर दिसतं, बाकीची मूठ सैल, आत चिमणीचं पिल्लू असल्यासारखी. तिकोन्यात टोक जास्त बाहेर ठेवायचा मोह होतो, तेवढा टाळा.

किंमत दोन्हींची वडापावच्या हिशोबातली, म्हणून पैशांनी निर्णय होणार नाही. तिकोनी नाशकात दर दुकानात मिळेलच असं नाही. मला तिसऱ्या दुकानात, काउंटरच्या काचेखालच्या डबीत तळाशी सापडला, तोही एकच रंग. गाणी म्हणत स्ट्रमिंग करणार असाल आणि पिक फिरतो हीच रड असेल, तर मी आधी तिकोनी घेईन. थेंबाचा विकत घ्यायची तशी गरजही नसते. गिटार वाजवणाऱ्या कुठल्याही मित्राला पाकीट झटकायला सांगा, दोन-चार पडतील.