जिन्याखालचं डीव्हीडीचं दुकान

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली डीव्हीडी भाड्याने देणारं दुकान अजून चालू आहे. पाटी नाही, शटर अर्धंच वर असतं आणि दुपारी एक ते पाच बंद. डिपॉझिट ५०० रुपये, दोन दिवसांचं भाडं ४०. चार महिने मी तिथली नेमाची गिऱ्हाईक आहे आणि हे दुकान टिकावं असं मला मनापासून वाटतं.

शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. सहा वर्षांच्या नातवाला हाताने काढलेली कार्टून दाखवायची होती, म्हणून पहिल्यांदा गेले. दुकानातल्या काकांनी यादी पुढे केली नाही. ‘मुलगा केवढा आहे? हिंदी कळतं का?’ एवढंच विचारलं आणि दोन डीव्हीडी काढल्या. ‘ही आधी त्याला दाखवा. दुसरी तो झोपल्यावर तुम्ही बघा.’

पहिलीत जुने सरकारी लघुपट होते आणि त्यांत ‘एक अनेक और एकता’. १९७४ सालचा. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या कुणालाही तो आठवेल. ‘अनेक’ म्हणजे काय, असं छोटा भाऊ विचारतो, आणि ताई जाळ्यासकट उडालेल्या पाखरांची गोष्ट सांगते. तेव्हा मी तो शेकडो वेळा ऐकला होता, पण नीट बघितला या वेळी. माणसं, झाडं, पाखरं अगदी मोजक्या आकारांत बसवली आहेत. माझ्या वर्गातल्या पोरांनाही काढता आली असती इतकी सोपी, आणि ती हलू लागली की कळतं हे किती अवघड आहे ते. सेकंदाला चोवीस चौकटी (फ्रेम) धरल्या, तर सात मिनिटं म्हणजे १०,०८० चौकटी. एक चित्र दोन चौकटींना चालवलं तरी पाच हजारांवर चित्रं होतात. ॲनिमेशन भीमसेन यांचं. संगीत वसंत देसाईंचं, म्हणजे शांतारामबापूंच्या चित्रपटांना चाली देणारे तेच. आणि गाणारी चिमुरडी म्हणजे आपल्या दाभोळच्या साधना सरगम. नातवाने सलग तीनदा लावायला लावला. मग वही काढून जाळं काढत बसला, पाखरं नाही, नुसतं जाळं.

रात्री दुसरी लावली. मृणाल सेन यांचा १९६९चा ‘भुवन शोम’. कृष्णधवल, दीड तासाच्या आसपास. रेल्वेतला एक कडक विधुर साहेब पाखरांच्या शिकारीला सौराष्ट्रात जातो आणि तिथे त्याला गौरी नावाची खेड्यातली मुलगी भेटते. कथा म्हणाल तर एवढीच. पण उत्पल दत्त बैलगाडीत ज्या अंगाने बसतात, त्यात त्या माणसाची सगळी नोकरी दिसते. के. के. महाजनांच्या कॅमेऱ्याने टिपलेली ती वाळू आणि ते पांढरं ऊन बघताना मी दोनदा थांबवून मागे घेतलं. मध्येच चक्क कार्टून येतं! ते राम मोहन यांनी केलेलं आहे. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले होते, त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले. गंभीर चित्रपटात रेषेला अशी हक्काची जागा मिळालेली बघून मला फार बरं वाटलं. निवेदनाचा आवाज तरुण अमिताभ बच्चनचा आहे, हेही आधी माहीत नव्हतं.

डीव्हीडी परत करायला गेले तेव्हा काका म्हणाले, ‘दोन्हीतलं नातं सापडलं का?’ मी पाखरं म्हणाले. ‘तेही आहेच. पण पहिलीची दिग्दर्शिका विजया मुळे आणि दुसरीतली गौरी सुहासिनी मुळे. आई आणि लेक.’ मी काउंटरला धरून उभीच राहिले. फिल्म सोसायट्यांच्या चळवळीत ज्यांनी हयात घालवली त्या विजयाताई आणि पहिल्याच भूमिकेत इतकी मोकळी वाटणारी त्यांची मुलगी, एकाच आठवड्यात माझ्या घरी येऊन गेल्या होत्या.

उणिवा आहेतच. कव्हरं झेरॉक्सची, निम्म्या डीव्हीडींना सबटायटल नाहीत. ‘भुवन शोम’वर ओरखडा होता, तासाभराने चित्र अडकलं. पुसून पुन्हा लावावी लागली. हे सांगितल्यावर काकांनी न मागता वीस रुपये परत दिले. डीव्हीडी घेताना उजेडाकडे धरून बघा, ते रागावत नाहीत. मात्र नाव घेऊन मागू नका, ते सापडायला अर्धा तास जातो. कोणासाठी हवंय आणि बघायला किती वेळ आहे, एवढंच सांगा. मुलांचं सगळं खालच्या कप्प्यात आहे, तिथे पोरांना स्वतःला बसून निवडू द्या.

या शनिवारी सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाड़ी’ बाजूला ठेवायला सांगितलाय. त्यातही राम मोहन यांच्या रेषा आहेत म्हणे काका. नातू येणार आहे, तेवढा तुकडा त्यालाही दाखवीन.