दाखवले एक, पोहोचवले दुसरेच : ‘शिफ्टिंग सेल’मधील फसवणूक

जून-जुलै महिन्यांत नेरूळ, सानपाडा, खारघर या भागांत बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलामुलींची घरे लावण्याची घाई सुरू होते आणि नेमक्या त्याच काळात सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘शिफ्टिंग असल्यामुळे घरातील सर्व सामान विकणे आहे’ अशा जाहिराती वाढतात. त्यांतील बऱ्याच खऱ्या असतात. आमच्या वाट्याला आलेली बनावट होती आणि ती इतकी नीटस रचलेली होती की, तिचा तपशील इतर पालकांना ठाऊक असणे गरजेचे वाटते.

माझी भाची कराडहून नेरूळला शिकायला आली. दोन मैत्रिणींसह तिने अकरा महिन्यांच्या करारावर वन बीएचके घेतला. डिपॉझिट आणि दलाली दिल्यानंतर सामानासाठी तिघींकडे मिळून २५,००० रुपये उरले होते. जाहिरातीत गाद्यांसह दोन सिंगल बेड, लोखंडी कपाट, अभ्यासाचे टेबल आणि सिंगल डोअर फ्रिज असे सगळे १८,००० रुपयांना मिळणार होते. आम्ही कोपरखैरण्याला जाऊन ते पाहिले. घरात देव्हारा होता, दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या खुणा होत्या आणि गृहस्थांच्या पत्नीने आग्रहाने चहा दिला. बंगळुरूला बदली झाली आहे, सामान दोन वर्षांपूर्वीचे आहे, असे सांगण्यात आले. कपाटाचे दार जड होते, बेडची फळी भक्कम प्लायवूडची होती आणि फ्रिजमध्ये बर्फ जमलेला दिसत होता. ८,००० रुपये आगाऊ द्यायचे आणि उरलेले सामान पोहोचल्यावर, असे ठरले.

टेम्पो अंधार पडल्यावर, भर पावसात आला. प्रत्येक वस्तू पुठ्ठ्यात आणि बबल रॅपमध्ये घट्ट बांधलेली होती. ‘आठनंतर तुमची सोसायटी लिफ्ट वापरू देणार नाही, शेठचा फोन आहे, बाकीचे पैसे आले की लगेच उतरवतो,’ असे म्हणत चालकाने मुलींना घाईला आणले. उरलेले पैसे ‘मिसेसच्या खात्यावर’ म्हणून दुसऱ्याच क्रमांकावर घेण्यात आले. पाऊस, अंधार, लिफ्टची वेळ आणि वेष्टन या चारही गोष्टी एकाच वेळी जुळून येणे हा योगायोग नसून हीच या धंद्याची पद्धत आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दुसऱ्या दिवशी वेष्टन काढल्यावर आकार आणि रंग पाहिल्यासारखेच होते, वस्तू मात्र वेगळ्या होत्या. कपाटाचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जात होता. बेडच्या फळीच्या कडेची पट्टी सुताराने पटाशीने उचलली, तेव्हा आत प्लायवूडचे थर नव्हते. चिकटवलेला भुसा होता आणि स्क्रूच्या भोकाजवळ तो दमटपणाने फुगून चिमटीत सुटत होता. नवी मुंबईच्या पावसाळ्यात असा पार्टिकल बोर्ड किती तग धरेल, हे सांगायला सुताराची गरज नव्हती. फ्रिजला नवा रंग मारलेला होता, मागची उत्पादनाचा महिना आणि सीरियल क्रमांक असलेली पट्टी खरवडलेली होती आणि कॉम्प्रेसर गुरगुरून बंद पडत होता. सर्वांत किळसवाणी होती ती गादी. नव्या कव्हरची शिवण उसवली तेव्हा आतून रंगीबेरंगी फोमचे तुकडे, चिंध्या आणि बटणासकट शर्टाची एक कॉलर निघाली.

विक्रेत्याचा फोन बंद लागला. त्याने चॅटमध्ये संदेश चोवीस तासांत आपोआप पुसले जाण्याची सोय आधीच सुरू केली होती, त्यामुळे बहुतेक संभाषण नाहीसे झाले. कोपरखैरण्याच्या इमारतीतील वॉचमनने सांगितले की, ते घर भाड्याचे असून तिथे सामान सतत येत-जात असते.

म्हणून सामान पाहायला जाल तेव्हा प्रत्येक वस्तूच्या मागच्या बाजूला पेनाने स्वतःची खूण करावी, तिचा आणि फ्रिजच्या क्रमांकाच्या पट्टीचा फोटो विक्रेत्यासमोरच काढावा. जो खरोखर विकायला बसला आहे त्याला याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. प्लायवूड म्हणत असतील तर झाकलेली कड न पाहता कच्ची कड पाहावी. चांगल्या फळीवर आयएसआयची खूण आणि ३०३ किंवा ७१० हा मानक क्रमांक छापलेला असतो, यातील ७१० हा पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचा. घर सोडणाऱ्या कुटुंबाला बहुतेक सोसायट्या सामान बाहेर नेण्यासाठी लेखी परवानगी घ्यायला लावतात, ती बिनदिक्कत मागावी. माझ्या मते ही एकच मागणी अशा लोकांना सर्वांत जास्त अडचणीची ठरते. माल दिवसाउजेडी, वेष्टनाशिवाय मागवावा आणि उरलेली रक्कम खुणा जुळल्यावर, आधीच्याच खात्यावर द्यावी.

आम्ही सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. फसवणुकीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही यूपीआय व्यवहारांचे क्रमांक शिल्लक होते, तेवढेच उपयोगी पडले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, परंतु ‘मी व्यापारी नाही, घरचे सामान विकले’ असा बचाव समोरून होणार, हे उघड आहे. म्हणूनच घणसोलीच्या एका ग्रुपवर वेगळ्या क्रमांकावरून, पुण्याला बदली झाल्याच्या कारणासह आलेली, त्याच कपाटाचे आणि त्याच बेडचे फोटो असलेली जाहिरात आम्ही तारखेसह जतन केली आहे आणि ती अर्जाला जोडली आहे. अशी जाहिरात ठाणे, ऐरोली किंवा पनवेलच्या कुणाकडे आली असेल, तर तिचा स्क्रीनशॉट पुसून न टाकता जपून ठेवावा.