मातीचं पाण्याचं भांडं आणि चिमण्यांची पेटी : नऊ महिन्यांचा अनुभव

२०२५ च्या मार्चमध्ये धारावीच्या कुंभारवाड्यातून मातीचं पसरट भांडं आणलं. वीतभर रुंद, दोन बोटं खोल. शिवाय चिमण्यांसाठी लाकडी पेटी आणि दाण्यांचा प्लास्टिकचा फीडर ऑनलाइन मागवला. आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, खिडकीसमोर सोसायटीचा गुलमोहर आहे.

फीडरचं आधी सांगून टाकते. तीन आठवड्यांत काढला. बाजरी घातली की चिमण्यांच्या आधी कबुतरं हजर आणि ग्रिलवर विष्ठेचे थर. ती वाळून तिची धूळ श्वासात जात राहिली तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते, आणि सासूबाईंना आधीच दमा. ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा आमच्या इमारतीतही खूप वादावादी झाली. मी तेव्हा म्हटलं तेच आताही म्हणते, दाणे नकोत, पाणी ठेवा. पाण्यावर कबुतरंही येतात, पण पिऊन निघून जातात.

भांड्याकडे पहिले अकरा दिवस कुणी फिरकलं नाही. मग त्यात एक चपटा दगड ठेवला, लहान पक्ष्यांना उभं राहायला. दुसऱ्याच दिवशी लालबुड्या बुलबुल आला. आधी चोच बुडवून मान वर, असं तीनदा. मग थेट पाण्यात उतरला, छाती टेकवली आणि पंख असे फडफडवले की माझ्या चहात थेंब पडले. भिजल्यावर शेंडी पार चिकटून गेली होती. ग्रिलवर बसून एकेक पीस चोचीतून ओढत तो बराच वेळ तिथेच होता. मी जागची हलले नाही.

आता रोजचा म्हणाल तर कावळा. डाव्या पायाचं एक बोट वाकडं, म्हणून तोच हे कळतं. कुठून तरी कडक पाव आणतो, पाण्यात टाकतो, थांबतो, मऊ झाला की उचलतो. अमेरिकेत मुखवटे घालून केलेल्या प्रयोगांत तिथले कावळे माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात असं दिसलंय. आपला राखाडी मानेचा कावळा वेगळ्या जातीचा, पण हा मला ओळखतो याबद्दल मला शंका नाही. नवऱ्याने खिडकी उघडली की समोरच्या गच्चीवर जातो. मी उघडली की हातभर अंतरावर बसून राहतो. सासूबाई म्हणतात, "त्याला काय फक्त पितृपक्षातच बोलवायचं?"

पेटीने मात्र रडवलं. भोक फार मोठं, आणि खाली बसायला दांडी. एप्रिलमध्ये चिमणीने अंडी घातली आणि दुसऱ्या एका कावळ्याने त्याच दांडीवर बसून ती ओढून काढली. चिमणी दोन दिवस पेटीभोवती घिरट्या घालत होती. विकणाऱ्याला कळवलं, उत्तर आलं नाही. सुताराकडून दांडी कापून घेतली आणि ३२ मिलिमीटर भोकाची फळी पुढे ठोकली. चिमणीला दांडी लागतच नाही. जूनमध्ये जोडी परत आली. दोघं दिवसभर अळ्या आणायची. एका सकाळी तीन पिल्लं गुलमोहरावर ओळीने बसलेली दिसली, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. सासूबाईंनी शेजारच्या वहिनींना हाक मारून दाखवली.

देखभाल म्हणाल तर पाणी रोज ओतून द्यायचं. डासांच्या अळ्यांना वाढायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे रोज बदललं की डेंग्यूची भीती नाही. शेवाळ काथ्याने घासायचं, साबण नको. जुलै-ऑगस्टच्या पावसात पाण्यावर फारसं कुणी आलं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र दुपारी दोनदा भरावं लागलं. मातीतून पाणी झिरपत राहतं, म्हणून स्टीलच्या वाटीपेक्षा ते थंड राहतं. गणपतीत गावी गेलो तेव्हा वहिनींनी भरलं. उचलताना काठाचा टवका उडाला, पण गळत नाही.

परवापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत दयाळ येऊन बसतोय. रविवारी कुंभारवाड्यात जाऊन दुसरं भांडं आणणार आहे.