वर्गणीतून घेतलेला 'लाइफटाइम प्लॅन'

मी लालबागच्या एका चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस. २०२१ साली चाळ पुनर्विकासाला गेली आणि बिऱ्हाडं बदलापूर, विरार, कळवा अशी पांगली. मंडळाच्या खोलीतले ढोल, मखराच्या फळ्या एका सभासदाने आपल्या गाळ्यात ठेवून घेतल्या. फोटोंचे अल्बम आणि व्हिडिओ कॅसेटी घ्यायला मात्र कोणी तयार होईना. गिरणी संपाच्या वर्षी, १९८२ ला, वर्गणीच जमली नव्हती आणि मंडपात एकच ट्यूबलाइट होती. तो फोटोसुद्धा त्या अल्बमांत होता.

दुकानात देऊन सगळं स्कॅन करून घेतलं, कॅसेटींच्या फाइली केल्या. एकूण ९०० जीबी भरलं. मग कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. ही पहिली चूक, आणि ती सर्वस्वी माझी.

२०२२ मध्ये एका परदेशी क्लाउड स्टोरेजची, म्हणजे इंटरनेटवर फाइली ठेवायच्या सेवेची, जाहिरात दिसली. एकदाच पैसे भरा, दोन टीबी जागा आयुष्यभर. खजिनदार म्हणाले, दरवर्षी पैसे भरायचं कोण लक्षात ठेवणार, हेच बरं. १९९ डॉलर, म्हणजे सगळं धरून सोळा हजारांच्या वर गेले. वर्गणीतून. अटींच्या पानावर 'लाइफटाइम' म्हणजे 'सेवा चालू असेपर्यंत' असं लिहिलं होतं, ते मी पैसे भरल्यावर तीन वर्षांनी वाचलं.

गेल्या मार्चमध्ये मंडळाचा मेल उघडला तर सेवा बंद होत असल्याचं पत्र. मुदत तीस दिवसांची होती, त्यातले आठ उरले होते. पत्र मेलच्या 'प्रमोशन्स' या जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडलं होतं, आणि त्याच रांगेत, त्याच्या जेमतेम दोन महिने आधीचं, हाच लाइफटाइम प्लॅन सवलतीत देणारं त्यांचंच दुसरं पत्र होतं. कंपन्या सेवा बंद करतात, त्यात नवल नाही. ॲमेझॉनने ॲमेझॉन ड्राइव्ह ही अशीच सेवा बंद केली, पण जुलै २०२२ मध्ये जाहीर करून ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत वेळ दिला. उबंटू वन या आणखी एका फाइली ठेवायच्या सेवेने २०१४ मध्ये एप्रिलला सांगितलं आणि फाइली उतरवून घ्यायला जुलैअखेरपर्यंत मुभा ठेवली. आमच्या वाट्याला आठ दिवस. कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत, मागितला, तर त्याची मुदत साधारण १२० दिवसांची असते असं कळलं. आम्हाला तीन वर्षं झाली होती.

घरचं इंटरनेट ४० एमबीपीएसचं. कागदावर ९०० जीबी उतरायला पन्नास तास लागतात. पण तिकडे सगळेच एकदम आपापलं सामान काढायला धावलेले, त्यामुळे डाउनलोड मधेच तुटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. चौथ्या दिवशी मी हैराण होऊन त्या सेवेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधला. सगळ्यात वर एक मोबाइल नंबर होता. परदेशी कंपनीचा मदतीचा नंबर भारतातला दहा आकडी मोबाइल कसा असेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. "सर, टेन्शन मत लो, आपका डेटा आर्काइव्ह सर्वर पे शिफ्ट कर देते हैं." बंद होण्याची नेमकी तारीख त्यानेच सांगितली, म्हणून माझा विश्वास बसला. ती तारीख जाहीर होती, कोणालाही सांगता आली असती! त्याने एक स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावलं, मग व्हेरिफिकेशनचे १० रुपये भरायला एक लिंक दिली. मी मंडळाच्या डेबिट कार्डाचा नंबर टाकला. ओटीपी आला तो मी कोणाला सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती, माझा स्क्रीन त्याच्यासमोर उघडा होता. २४,५०० रुपये दोनदा गेले.

आणि पुढचा पाऊण तास मी त्याच्याशीच भांडत बसलो. "सर, रिफंड प्रोसेस में है," म्हणत तो मला फोनवर धरून ठेवत होता. त्या वेळात पैसे पुढच्या खात्यात सरकत असतात, हे मला पोलीस ठाण्यात समजलं. शेवटी मुलीने माझ्या हातून फोन घेऊन कट केला आणि १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावला. तक्रार नोंदली गेली, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवरही टाकली. दुसऱ्या व्यवहारातले १८,००० तेवढे पुढच्या खात्यात अडवले गेले. ते सुटायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं गेलं, पैसे अजून मिळालेले नाहीत. बाकीच्या रकमेबद्दल बँकेने रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंतचं, ग्राहकाचंच. वाद घालायला जागा नव्हती.

या गडबडीत दोन दिवस वाया गेले. शेवटच्या तारखेपर्यंत फोटो बहुतेक सगळे उतरले, व्हिडिओंपैकी निम्मेही नाहीत. १९९४ ची विसर्जन मिरवणूक गेली. त्यात नाचणारी निम्मी माणसं आता नाहीत.

मंडळाच्या सभेत मी हिशेब वाचला. सोळा हजार आणि एकोणपन्नास हजार, दोन्ही आकडे. थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग खजिनदार म्हणाले, प्लॅनला मीही हो म्हटलं होतं. एकोणपन्नास हजार मी माझ्या पगारातून भरतोय. फोटो आता दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक माझ्याकडे, एक कळव्याला. लॅपटॉपवरच्या सिंक फोल्डरला आता मी बॅकअप म्हणत नाही, कारण तिकडे फाइल उडाली की इकडचीही उडते.

परवा शेजाऱ्यांच्या फोनवरून तोच नंबर लावून पाहिला. तोच आवाज, तीच अदब. या वेळी तो एका कुरिअर कंपनीचा कस्टमर केअर होता.