व्हायजुवेक जेल: विज्ञान पक्कं, पण भिस्त पट्टी करणाऱ्या हातावर

डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलिसिस बुलोसा, थोडक्यात डीईबी, असलेल्या माणसाच्या घरात औषधांपेक्षा पट्ट्यांचीच खोकी जास्त असतात. बाह्यत्वचा खालच्या थराला धरून ठेवणारे तंतू सातव्या प्रकारच्या कोलॅजेन या प्रथिनाचे असतात, आणि हे कोलॅजेन बनवणारं सीओएल७ए१ जनुकच या आजारात बिघडलेलं असतं. कपड्याची शिवण घासली तरी फोड येतो, फुटतो, आणि जखम महिनोन्महिने उघडी राहते. वर्षानुवर्षं उपचार म्हणजे न चिकटणाऱ्या सिलिकॉन पट्ट्या, संसर्गावर नजर आणि वेदनाशामक, एवढंच होतं. क्रिस्टल बायोटेक कंपनीच्या व्हायजुवेक जेलला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२३ मध्ये मान्यता दिली आणि मूळ बिघाडावर बाहेरून लावायचं औषध पहिल्यांदा हाती आलं.

यातलं सगळ्यात हुशारीचं काम म्हणजे विषाणूची निवड. जनुकोपचारात नेहमी वापरला जाणारा एएव्ही हा विषाणू डीएनएचा साधारण पावणेपाच हजार अक्षरांचा मजकूर वाहून नेतो. सीओएल७ए१ चा कामाचा मजकूरच नऊ हजारांच्या आसपास आहे, तो त्यात मावतच नाही. म्हणून ओठांवर बारीक फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स १ घेतला गेला. त्याची पोटजागा दीड लाख अक्षरांची, शिवाय त्वचेच्या पेशींत शिरायची त्याला मुळातच सवय. वाढीला लागणारी जनुकं काढून टाकल्यामुळे तो पेशीत शिरतो, पण स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. सीओएल७ए१ च्या दोन चांगल्या प्रती तो केंद्रकात पोचवतो आणि तिथे त्या पेशीच्या डीएनएमध्ये न मिसळता वेगळ्या राहतात. सुरक्षिततेसाठी हे फार चांगलं. तोटाही नेमका इथेच आहे: पेशी झडल्या की जनुकही गेलं. म्हणून हे जेल आठवड्यातून एकदा, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. हर्पिस पूर्वी होऊन गेलेल्यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं असतात, पण त्यांच्या जखमांवरही ते चालतं.

परिणामाचा पुरावा स्टॅनफर्डचे त्वचारोगतज्ज्ञ पीटर मारिंकोविच यांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीतून आला. ती डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण फक्त ३१. त्यामुळे आकडे लहान वाटतील, पण मांडणी चोख होती. प्रत्येकाच्या अंगावरच्या दोन सारख्या जखमा निवडल्या, एकीवर औषध आणि दुसरीवर नुसतं जेल. आहार, वय, पट्टी करणारा माणूस, सगळं आपोआप सारखं राहिलं. सहा महिन्यांनी औषधाच्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या होत्या, नुसत्या जेलच्या २२ टक्के. मात्र पट्टी बदलतानाच्या वेदनेत फरक किरकोळ दिसला: दहा गुणांच्या मोजपट्टीवर औषधाच्या जखमेत ०.८८ ची घट, नुसत्या जेलच्या जखमेत ०.७१ ची. वेदना झपाट्याने कमी होतील या आशेने कोणी हे घेत असेल तर त्याला आधीच स्पष्ट सांगायला हवं. आणखी एक: ३१ पैकी ३० रुग्ण अप्रभावी वारशाच्या (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या) प्रकाराचे होते. प्रभावी वारशाच्या (एकच प्रत बिघडलेल्या) प्रकाराला मान्यता आहे, पुरावा मात्र एका रुग्णाएवढा.

आता वापराकडे. पेटीत दोन कुप्या येतात: १ मिली विषाणूची आणि १.५ मिली साध्या जेलची. साठवण उणे १५ ते उणे २५ अंशांत. तसा फ्रीझर नसेल तर २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये महिनाभर राहतं, पण एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. खोलीच्या तापमानाला आलं की औषधालयात दोन्ही मिसळतात. मिसळल्यावर बाहेर ८ तास, फ्रिजमध्ये ४८ तास, त्यानंतर टाकून द्यायचं. वाहतूक लांबली किंवा पट्टीची वेळ पुढे ढकलली की ही मुदत कधी संपली ते लक्षात येत नाही. मिसळल्याची वेळ सिरिंजवरच लिहून ठेवलेली बरी.

मात्रा जखमेच्या क्षेत्रफळावर ठरते. २० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान जखमेला ०.२ मिली, २० ते ४० ला ०.४, ४० ते ६० ला ०.६. थेंब साधारण एकेक सेंटिमीटर अंतरावर, चौकटीच्या वहीत टिंबं द्यावीत तसे टाकायचे. चोळायचं नाही, बोटाने पसरायचं नाही. पट्टी बसली की थेंब स्वतःच पसरतात. मोठी चूक होते ती पट्टीच्या निवडीत. रोजच्या सवयीने थेट फोमची शोषक पट्टी लावली की एवढं महागडं औषध ती पट्टीच पिऊन टाकते. आधी पाणी न शोषणारी, जखमेपेक्षा किंचित मोठी पट्टी, आणि तिच्यावर नेहमीची. २०२३ च्या सूचनेप्रमाणे ही पट्टी सुमारे २४ तास हलवायची नाही. दुसरी चूक साफसफाईतली. आदल्या पट्टीचं मलम जखमेवर राहता कामा नये, आणि विषाणूनाशक जंतुनाशकाने जखम धुतली तर औषध तिथेच मरतं.

हातमोजे घालणं सक्तीचं. गरोदर बाईने हे तयारही करू नये आणि लावूही नये. सांडलं तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं; काढलेली पट्टीही विषाणूनाशकाने भिजवून वेगळ्या पिशवीत बंद करून टाकायची. दुष्परिणाम सहसा सौम्य: खाज, थंडी वाजणं, लाली, पुरळ, खोकला, नाक गळणं.

तक्रारीची जागा मात्रेच्या कमाल मर्यादेत आहे. २०२३ च्या मान्यतेत तीन वर्षांवरच्या माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त १.६ मिली, त्याहून लहान बाळाला ०.८. हिशेब करा: १.६ मिलीत जेमतेम १६० चौरस सेंटिमीटर झाकलं जातं, प्रौढ शरीराच्या सुमारे एक टक्का. गंभीर डीईबीत पाठ, मांड्या, खांदे मिळून उघडी त्वचा याच्या कितीतरी पट असू शकते. कुठल्या जखमा आधी, हे डॉक्टर आणि घरच्यांनी बसून ठरवावंच लागतं. सांध्यावरच्या, रोज घासल्या जाणाऱ्या जखमांपासून सुरुवात करावी आणि भरलेली जखम सोडून दुसरी धरावी, हे आम्हांला शहाणपणाचं वाटतं. अमेरिकेत एका कुपीची जाहीर किंमत २४ हजार डॉलरच्या वर, त्यामुळे प्रत्येक थेंबाचा हिशेब आणखी टोचतो.

पर्याय आता आहेत. भूर्ज झाडाच्या सालीपासून बनलेलं फिल्सुवेझ हे जेल जनुकाला हात लावत नाही. २२३ रुग्णांच्या चाचणीत ४५ दिवसांत ४१.३ टक्के जखमा भरल्या, तुलनेच्या जेलने २८.९. फरक माफक, पण लावणं सोपं, आणि एपिडर्मोलिसिस बुलोसाच्या जंक्शनल प्रकारातही चालतं. दुसऱ्या टोकाला २०२५ मध्ये मान्यता मिळालेलं झेवास्किन: रुग्णाच्याच पेशी दुरुस्त करून वाढवलेले त्वचेचे तुकडे, शस्त्रक्रियेने बसवायचे. जुन्या, मोठ्या, हट्टी जखमांसाठी तेच जास्त तर्काचं. दोन्हींच्या मधली जागा व्हायजुवेकची, आणि ती त्याने चांगली भरली आहे. अन्ननलिका अरुंद होणं, बोटं एकमेकांना चिकटणं, रक्तक्षय यांतलं काहीही मात्र ते बरं करत नाही. जखमेची कड जाड, उंचावलेली दिसत असेल तर जेल लावण्याआधी बायोप्सी हवी. डीईबीच्या जुन्या जखमांत त्वचेचा कर्करोग होतो.

व्हायजुवेकची मागणी करण्याआधी जनुकचाचणीचा अहवाल हातात हवा आणि त्यात सीओएल७ए१ मधलाच बिघाड नोंदलेला हवा. एपिडर्मोलिसिस बुलोसाच्याच सिम्प्लेक्स प्रकारात बहुधा केराटिन या प्रथिनाची जनुकं बिघडलेली असतात आणि जंक्शनलमध्ये बरेचदा लॅमिनिन या प्रथिनाची. फोड सारखेच दिसले तरी त्या जखमांवर व्हायजुवेकचा उपयोग नाही.