ध्येयवादी एजन्सी की मोठी व्यावसायिक एजन्सी : ऑफर स्वीकारण्याआधी

डिझायनर किंवा कॉपीरायटर म्हणून हातात दोन ऑफर आहेत : एक सामाजिक मोहिमाच करणाऱ्या छोट्या एजन्सीची, दुसरी मोठ्या व्यावसायिक एजन्सीची. वेबसाइटवरचे हसरे फोटो बाजूला ठेवा. ते दोन्हीकडे सारखेच असतात.

क्लायंटच्या बाबतीत ध्येयवादी एजन्सी उजवी. तंबाखूचं काम घ्यायचं नाही, असं ती उघडपणे सांगते आणि पिचला, म्हणजे काम मिळवण्यासाठीच्या सादरीकरणाला, जायचं की नाही यावर नवख्यालाही बोलता येतं. मोठ्या ठिकाणी ते वरून ठरतं. फार तर तुम्हाला त्या टीममधून वगळतात.

वेळेचं गणित मात्र उलटं. मोठ्या एजन्सीतली टाइमशीट, म्हणजे कामाच्या तासांची नोंद, कंटाळवाणी खरी, पण जादा तास तिच्यात दिसतात. ध्येयवादी एजन्सीत बजेट तुटपुंजं, मग उरलेलं काम ‘आपलंच आहे’ म्हणत रात्री उरकलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणाचा परिणाम म्हणून. तळमळ कमी पडली, असा दोष स्वतःला देऊ नका.

समावेशकता नीट तपासावी लागते. अपंगत्वावरची मोहीम करणाऱ्या टीममध्ये अपंग व्यक्ती आहे का, आणि निर्णय तिच्या हातात आहे की तिला फक्त मसुदा ‘एकदा बघून दे’ म्हणतात? हे बघून देणं टाइमशीटमध्येही नसतं, अप्रेझलमध्येही नसतं. ध्येयवादी एजन्सीत हा भार जास्त पडतो, कारण तिथे असे विषय रोजचे. मोठ्या एजन्सीतली समावेशकतेची समिती पुष्कळदा शोभेची, पण पगारश्रेणी, प्रसूती रजा, तक्रारीची पद्धत बहुधा कागदावर असते. छोट्या ठिकाणी संस्थापकाविरुद्धची तक्रार संस्थापकाकडेच जाते, हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो.

बी कॉर्प, म्हणजे सामाजिक आणि पर्यावरणीय निकष पाळणाऱ्या कंपनीला मिळणारं प्रमाणपत्र, असेल तर चांगलंच. ते देणारी, २००६ साली स्थापन झालेली बी लॅब ही संस्था अख्ख्या कंपनीचं मूल्यमापन करते. तुमच्या टीमचं वातावरण त्यातून कळत नाही. संशोधक एमी एडमंडसन यांचं मानसिक सुरक्षिततेवरचं, म्हणजे न घाबरता बोलता येण्यावरचं, १९९९चं संशोधनही टीमच्या पातळीवरचंच होतं. म्हणून मुलाखतीत विचारा : कनिष्ठाच्या आक्षेपामुळे अलीकडे कोणती मोहीम बदलली? नेमकं उदाहरण आलं, तर विश्वास ठेवायला जागा आहे.

पगारश्रेणी लेखी असेल आणि तक्रार ऐकणारं बाहेरचं कुणी असेल, तर मी ध्येयवादी एजन्सी निवडेन. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल आणि या दोन गोष्टी नसतील, तर मोठी एजन्सी घ्या.