रगडो, आडोळी, कुंडले: दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळे-भाज्या टांगायची लाकडी चौकट काढायला बांदोड्याच्या जुन्या घरी माळ्यावर चढले आणि आडोळी (खोवणी असलेली विळी) हाती लागली. तिच्या मागे तांब्याचा टोप, एक कुंडले (मातीचे भांडे), चिनीमातीची बरणी. रगडो (वाटण वाटायचा दगड) पडवीतच होता, त्यावर पायपुसणे वाळत घातलेले. आदल्याच महिन्यात बाणावलीचे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांचे गोवा चित्र संग्रहालय पाहून आले होते. तिथे ही भांडी नुसती बघायची असतात. आमची अजून वापरता येतील, हे मनात बसले आणि चवथ उरकल्यावर सगळे फोंड्याच्या फ्लॅटवर आणले. आज दहा महिने झाले.

रोज वापरात राहिली ती आडोळी. पाटावर एक पाय दुमडून बसायचे, पुढे पाते आणि पात्याच्या टोकाला दातेरी चकती. एकाच जागी बसून भाजी चिरून होते, मासळी साफ होते, नारळ खोवून होतो. पहिले आठ दिवस माझी सोय (खोवलेल्या खोबऱ्याला आम्ही सोय म्हणतो) जाडीभरडी पडायची, करटीचा तपकिरी भुगा त्यात उतरायचा. सासूबाईंनी बघितले आणि एवढेच म्हणाल्या, "आदीं कडेचें काड, मागीर मदलें." मी मधून सुरू करत होते, त्यामुळे कडेचे खोबरे तुकड्यांनी निघत होते. आता कड हलकेच दात्यांना लावते, वाटी मनगटाने फिरवत जाते आणि करटीची खरखर कानाला लागली की थांबते. सोय बर्फासारखी भुरभुरीत पडते. मिक्सरमध्ये खोबऱ्याचे तुकडे फिरवून ती तशी कधीच मिळाली नव्हती. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मात्र हे बसणे झेपणार नाही. माझ्या जावेला झेपले नाही.

रगड्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण सगळे त्याच्याबद्दलच विचारतात. तिसऱ्या मजल्यावर तो चढवायला दोन माणसे लागली. खाली गोणपाटाची चौपदरी घडी घातली नाही तर घरघर खालच्या घरात ऐकू जाते. हुमणाचे (मासळीच्या खोबऱ्याच्या कालवणाचे) वाटण करताना आधी धणे, सुक्या मिरच्या आणि हळद घ्यायची, पाणी बोटांनी शिंपडत राहायचे. ते गंधासारखे झाले की चिंच, आणि सगळ्यात शेवटी सोय. एका हाताने उभा दगड फिरवायचा, दुसऱ्या हाताने कडेला चढलेले वाटण आत लोटायचे. चार माणसांच्या हुमणाला मला पंचवीस मिनिटे लागतात, मिक्सरला तीन. पण मिक्सरचे पाते मिनिटाला १८,००० च्या आसपास फेरे घेते, भांडे गरम होते आणि खोबरे कापले जाते. दगडावर ते थंडच राहून चिरडले जाते. हुमण उकळल्यावर रस फुटून पाणी वेगळे झाले, असे या दहा महिन्यांत एकदाही घडले नाही. बांगड्याच्या हुमणात तिरफळे शेवटी ठेचून टाकते, ती वाटायची नसतात. तरीही रोज हे जमत नाही, खोटे कशाला सांगू? रविवारी आणि सणाला रगडो, एरवी मिक्सर.

कुंडल्याचा तळ गोल असतो. चुलीच्या तीन दगडांवर तो नीट बसावा आणि आच सगळीकडून लागावी म्हणून. गॅसवर तो डुगडुगतो. लोखंडी आडणी घेतली तेव्हा स्थिर झाला. वापरण्याआधी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवले, मग दोन वेळा उकड्या तांदळाची पेज त्यात मंद आचेवर शिजवली. मातीची छिद्रे पेजेने भरतात आणि भांडे झिरपत नाही. चिंच-सोलांची आंबट कालवणे यात बिनधास्त होतात, धातूची चव उतरत नाही. गॅस बंद केल्यावरही बराच वेळ हुमण रटरटत राहते, म्हणून थोडे आधीच बंद करायचे. ढवळायला करटीचा दवलो, स्टीलच्या डावाने माती खरवडते. मासळीचा वास मुरतो, त्यामुळे सोमवारच्या शिवराक (शाकाहारी) जेवणाला दुसरे कुंडले हवेच. ते डिचोलीहून आणले, तिथे कुंभारकाम अजून होते. पहिले मात्र डिसेंबरात गेले. गरम असतानाच मी त्यात नळाचे थंड पाणी ओतले आणि तळापासून काठापर्यंत केसासारखी रेघ गेली. आजेसासूबाईंच्या हातचे होते ते. अजून वाईट वाटते.

तांब्याच्या टोपाने सगळ्यात जास्त दमवले. आतून कल्हई उडालेली होती, आणि उघड्या तांब्यात आंबट शिजवणे धोक्याचे, तांबे अन्नात उतरते. बाजारात एकाकडून कल्हई करून घेतली, तर पंधरवड्यात आतला पृष्ठभाग काळपट पडून सोलायला लागला. पैसे गेले ते गेलेच, पण त्या पंधरवड्यात घरच्यांनी त्यात जेवण जेवले याचा मला राग आहे. दुसऱ्या कारागिराने माझ्यासमोर केले: टोप घासून तापवला, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथिलाची कांडी फिरवली आणि कापसाने एका दमात आतून पसरवले. आरशासारखे झाले. कथिल २३२ अंशांना वितळते, त्यामुळे हा टोप रिकामा आचेवर ठेवायचा नाही आणि त्यात कडकडीत फोडणी करायची नाही. मी त्यात फक्त खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण) आणि पायस करते.

बरणीत मे महिन्यात चेपणीचे तोर घातले. कोवळ्या कैऱ्या, जाडे मीठ, वर धुतलेला जड दगड. पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) कामे करताना आईच्या घरी हे बघितलेले होते. गेल्या आठवड्यात पहिला तोर काढला, पेजेबरोबर खाल्ला. छान मुरला आहे.

पुन्हा रगड्याकडे येते, कारण यात एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. फेब्रुवारीपासून वाटणाला दुप्पट वेळ लागू लागला. दगड आतून गुळगुळीत झाला होता, त्याला टाकी लावायला हवी होती. पूर्वी टाकी लावणारे दारावर हाक मारत यायचे. मला माणूस शोधायला तीन आठवडे लागले. मिळाले ते मेस्त (कारागीर) चौऱ्याहत्तर वर्षांचे, मुलगा टाइल्स बसवतो, हे काम करत नाही. दीड तास ते छिन्नी-हातोडीने बारीक बारीक खाचा पाडत होते, मधून ओल्या बोटाने चाचपत होते. नंतर भिजवलेले जाडे तांदूळ दोनदा वाटून फेकून दिले, कारण आधीच्या वाटणात कच लागते.

जाताना म्हणाले, वर्षाने बोलवा. मी विचारले, मला शिकवाल का? त्यांनी पडवीतला फुटका पाटा मागवला. आता दर बुधवारी दुपारी तासभर मी त्यावर हात बसवते आहे. खाचा अजून एकसारख्या खोल पडत नाहीत.